मार्कलिस्ट कपाटात, कोरा चेक ड्रॉवरमध्ये

प्रश्न : मी 27 वर्षांची, धनकवडीत राहते. रेडिओग्राफीत बीपीएमटी ही पॅरामेडिकल पदवी घेऊन तीन वर्षांपासून पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात टेक्नॉलॉजिस्ट आहे. एक्स-रे, सीटी, एमआरआय सगळीकडे ड्युटी लागते, नाइटला बहुतेक वेळा एकटीच असते. रुजू होताना एचआरने मूळ मार्कलिस्ट आणि पदवी प्रमाणपत्र ठेवून घेतलं. 14 महिन्यांपूर्वी नवीन एमआरआय मशीन आलं, तेव्हा ट्रेनिंग दिलं म्हणून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतला. मध्येच सोडलं तर दीड लाख भरायचे, आणि नंतर दोन वर्षं पुणे-पिंपरी चिंचवडमधल्या कुठल्याही सेंटरला काम करायचं नाही. पगार 26,000. खराडीच्या एका सेंटरची 34,000 ची ऑफर आहे, पण त्यांना रिलीव्हिंग लेटर हवं. माझी नोटीस तीन महिन्यांची. वर्गातली मैत्रीण दुबईला आहे, ती म्हणते इकडे ये. आई म्हणते सरकारी भरतीची वाट बघ. मामेभाऊ म्हणतो, उद्यापासून जाऊच नकोस, काय करतात बघू. मला तर हल्ली हे क्षेत्रच सोडावंसं वाटतं. बॉण्ड मोडला तर जेल होते का?
ता. क. बॉण्डबरोबर सही केलेला एक कोरा चेकही घेतला होता.

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ताज्या कलमात टाकली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बॉण्ड मोडला म्हणून जेल होत नाही. ती दिवाणी बाब आहे. फार तर रुग्णालय पैशासाठी दावा लावेल. चेकचं तसं नाही. तो भरला आणि परत आला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 138 लागू शकतं, आणि ते फौजदारी आहे. 'रक्कम मी भरलीच नव्हती' एवढं सांगून भागत नाही. सही तुमची असेल तर बाकी मजकूर दुसऱ्याने भरला तरी चेक काही देणं फेडण्यासाठीच दिला असं न्यायालय आधी गृहीत धरतं. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. ते गृहीतक खोडण्याचं ओझं तुमच्यावर येतं. खोडता येतं, पण त्यासाठी कागद लागतो, आणि तो भांडण पेटायच्या आधीचा असेल तर त्याला वजन असतं.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. चेकबुकच्या काउंटरफॉइलवरून चेक नंबर काढा. एचआरला साधा, थंड डोक्याचा ईमेल लिहा : अमुक तारखेला अमुक नंबरचा चेक बॉण्डबरोबर कोरा आणि केवळ तारण म्हणून घेतला होता, माझं कसलंही देणं नाही, चेक परत करावा. उत्तर नाही आलं तरी चालेल. नुसतं बँकेत जाऊन 'स्टॉप पेमेंट' दिल्याने कलम 138 टळत नाही. ते द्यायचंच असेल तर या ईमेलनंतर द्या. पुढे कधी चेक परत गेला, तर त्यांना बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत तुम्हाला लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर तुमच्या हातात 15 दिवस असतात. ती नोटीस आई घाबरेल म्हणून लपवून ठेवू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या चेकच्या प्रकरणांत नोटिशीला उत्तरच दिलेलं नसतं.

आता बॉण्ड. तुम्हाला नोकरीत थांबवून ठेवण्याची ताकद त्यात नाही. माणसाने अमक्याकडेच राबावं असा हुकूम भारतातलं न्यायालय खासगी नोकरीत देत नाही. पुण्यात दोन वर्षं काम न करण्याची अट तर विसराच. कराराच्या कायद्याच्या, म्हणजे 1872 च्या कायद्याच्या, कलम 27 प्रमाणे नोकरी सुटल्यानंतर पोट भरण्यावर घातलेली अशी बंदी आपल्याकडे रद्दबातल ठरते. स्टॅम्पपेपर शंभराचा असो की हजाराचा, त्याने ती जिवंत होत नाही.

राहिले दीड लाख. इथे मात्र 'बॉण्डला काही अर्थ नसतो' हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान घेऊन बसू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली आहे, आणि रुग्णालयाचा वकील पहिल्याच तारखेला तो निकाल टेबलावर ठेवेल. पण ती सरकारी बँक होती, जाहिरात देऊन रीतसर भरती करणारी, आणि नोकरी वरिष्ठ अधिकाऱ्याची होती. तुमचा पगार 26,000. शिवाय त्याच करार कायद्याचं कलम 74 असं सांगतं की करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे. मिळते ती वाजवी भरपाई. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं.

मग विचारायचं की ट्रेनिंग कसलं? नवीन मशीन बसवलं की कंपनीचा माणूस येतो, काही दिवस कन्सोलशेजारी बसून प्रोटोकॉल दाखवतो, सिक्वेन्स लावून देतो. ते ॲप्लिकेशन ट्रेनिंग बहुधा मशीनच्या किमतीतच असतं. त्या दिवसांत तुम्ही पेशंटही घेत होतातच की. तुम्हाला कुठे बाहेरगावी पाठवलं, कोर्सची फी भरली, तर गोष्ट वेगळी. तसं नसेल तर 'माझ्यावर झालेल्या खर्चाची बिलं द्या' असं लेखी मागा. बिलं आलीच, तरी 24 पैकी 14 महिने तुम्ही भरले आहेत. उरलेल्या दहा महिन्यांच्या प्रमाणात दीड लाखाचे 62,500 होतात. तडजोडीला बसलात तर या आकड्याच्या वर जाऊ नका, आणि तिथूनही सुरुवात करू नका.

मूळ कागद अडवून ठेवायचा तर त्यांना कसलाच हक्क नाही. आम्हा वकिलांचंच सांगतो. फी थकली म्हणून अशिलाची फाइल अडवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आम्हाला सुनावलं आहे. जिथे वकिलाला ती मुभा नाही तिथे एचआरला कुठून असणार? कागद परत मिळवण्यासाठी दिवाणी दावा लावता येतो. पोलिसांकडे विश्वासघाताची तक्रारही करता येते, पण ते बहुतेक 'दिवाणी मॅटर आहे' म्हणून हात वर करतील, हे धरून चला. आणि कुणी म्हणेल, ऑनलाइन 'हरवल्याची' तक्रार टाक आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून डुप्लिकेट काढ. ते अजिबात करू नका. कागद कुठल्या कपाटात आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. खोटी तक्रार तुमच्याच अंगाशी येईल.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. राजीनामा आधी आणि कागद नंतर, असं केलंत तर ते कागद सौद्यात जातील. आज तुम्ही त्यांच्या नोकरीत आहात, नाइट ड्युटीला त्यांना तुमची गरज आहे. आजच कागद लेखी मागा. परावैद्यक परिषदेच्या नोंदणीचं काम खरोखर बाकी असेल तर ते कारण लिहा. नसेल तर कारण देण्याची गरजच नाही, कागद तुमचे आहेत. पंधरा दिवसांत दिले नाहीत तर वकिलाची नोटीस पाठवा. स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी सहाय्य मिळतं. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आधार कार्ड आणि असतील ते कागद घेऊन जा.

मामेभावाचं ऐकू नका. उद्यापासून जायचं बंद केलंत तर आज तुमच्या बाजूने असलेलं पारडं फिरेल. नोटीस न देता गेलात म्हणून नोटीस पे ते मागतील, आणि त्या मागणीत दम असेल. शिवाय दुबईचा विचार आहे ना? आखाती देशांच्या परवान्यासाठी डेटाफ्लो या कंपनीकडून कागदांची पडताळणी होते, तेव्हा अनुभव खरा की खोटा हे विचारायला ते याच रुग्णालयाच्या एचआरकडे येणार. तिथे 'ॲब्स्कॉण्डेड', म्हणजे न सांगता निघून गेली, असा शेरा पडलेला परवडणार नाही. सरकारी भरतीतही, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकाऱ्याच्या पदासाठी समजा, कागदपत्र पडताळणीला मूळ प्रतीच लागतात. म्हणजे खराडी, दुबई, सरकारी, तिन्ही वाटा एकाच कपाटापाशी येऊन थांबतात. क्षेत्र सोडायचं की नाही हे मी सांगणारा कोण. पण कागद अडकलेले असताना हा निर्णय घेऊ नका. तेव्हा माणूस कामाला कंटाळलेला असतो की मालकाला, हे त्याचं त्यालाच कळत नाही.

राजीनामा ईमेलनेही द्या आणि स्पीड पोस्टानेही पाठवा, पोच पावतीसह. पूर्वीचं रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, म्हणून खिडकीवर आरपीएडी मागत बसू नका. 'राजीनामा मंजूर नाही' असं उत्तर आलं तर काळजी नको. नोटीस पुरी झाली की तुम्ही मोकळ्या. नेमणूक पत्रात 'तीन महिने किंवा त्याऐवजी वेतन' असं असेल, तर ते वेतन मूळ पगारावर की एकूण पगारावर हे नीट वाचा, फरक बराच पडतो. खराडीच्या सेंटरला आत्ताच सांगा की रिलीव्हिंग लेटर लांबू शकतं, राजीनाम्याची पोच आणि पगाराच्या स्लिपा चालतील का? चालतील म्हणाले तर ते ईमेलवर घ्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार नोकरी सोडल्यावर पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. बॉण्डचे पैसे त्यातून परस्पर कापले, तर कामगार आयुक्तांकडे अर्ज करा.

अनुभव प्रमाणपत्र नाहीच दिलं तर? पीएफचं पासबुक आहे, पगार बँकेत जमा होतो, आणि तुमच्या पेशात आणखी एक पुरावा आहे जो बाकीच्यांकडे नसतो. एमआरआयला टीएलडी, म्हणजे अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा बॅज, लागत नाही, पण सीटी आणि एक्स-रेला तुम्ही बॅज लावता. दर तिमाहीला तो मोजायला जातो आणि तुमच्या नावाने डोसचा अहवाल येतो. रुग्णालय, तुमचं नाव, तिमाही, सगळं त्यावर असतं. रेडिएशन सुरक्षेच्या 2004 च्या नियमांप्रमाणे हा डोस रेकॉर्ड मागाल तेव्हा आणि नोकरी सोडताना तुम्हाला द्यावाच लागतो. आरएसओकडे, म्हणजे रुग्णालयाच्या रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याकडे, आजच अर्ज करून तीन वर्षांची प्रत घ्या. एचआरपेक्षा आरएसओ सहसा लवकर देतात, त्यांना तपासणीची धास्ती असते.

आणि शेवटच्या दिवशी बॅज एप्रनला तसाच ठेवून घरी आणू नका. आरएसओच्या हातात द्या, रजिस्टरवर सही घ्या आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.