आयसीयूतल्या पेशंटच्या खाण्याकडे नक्की बघतं कोण? नर्सचा त्यात रोल काय?

तुम्ही विचारलंय की वडील 6 दिवस व्हेंटिलेटरवर आहेत, नाकातल्या नळीतून काहीतरी पांढरं देतात तरी हातपाय काडीसारखे झालेत, मग खाण्याचं बघतं कोण, डॉक्टर, डायटिशियन का सिस्टर? मी 11 वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे म्हणून सांगते, ऑर्डर डॉक्टरांची, हिशोब डायटिशियनचा, पण पोटात खरंच किती गेलं ते आमच्या हातात. आणि लिहिलेलं किती नि गेलेलं किती यात बऱ्याचदा मोठी तफावत असते.

आधी खंगण्याचं बोलू, म्हणजे लगेच हॉस्पिटलवर चिडू नका. मोठं इन्फेक्शन असलं की शरीर स्वतःचेच स्नायू तोडून वापरतं, त्यात हालचाल बंद. लंडनच्या आयसीयूंमधला 2013 चा एक अभ्यास आहे, त्यात 10 दिवसांत मांडीचा स्नायू सरासरी जवळजवळ 18 टक्के बारीक झालेला दिसला. फीड, म्हणजे नळीतून जाणारं ते पातळ अन्न, देऊन हे पूर्ण थांबत नाही, पण फीड कमी पडलं तर दुष्काळात तेरावा महिना.

आणि "सलाईन चालू आहे ना, मग पोट भरतंय" हे डोक्यातून काढून टाका प्लीज. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम 85 कॅलरी, प्रोटीन शून्य. 60 किलोच्या माणसाला पहिला आठवडा सरत आला की दिवसाला साधारण 1500 कॅलरी आणि 70-80 ग्रॅम प्रोटीन लागतं.

मग लिहिलेल्यातलं गळतं कुठे? सीटीला न्यायचंय, फीड बंद. अंग पुसायला बेड सपाट केला, बंद. फिट्सची गोळी नळीतून द्यायची, तिच्या आधी-नंतर बंद. नीट न कुटलेली गोळी अडकून नळीच चोक झाली, नवीन टाकून एक्स-रे होईपर्यंत बंद. (म्हणून औषधाच्या आधी नि नंतर सिरिंजने पाणी मारायचं, कंटाळा न करता.) बंद करताना सगळे असतात, परत चालू करायचं मात्र ड्युटी बदलताना राहून जातं.

माझीच गोष्ट सांगते. नवीन होते, नाईटला एका काकांच्या राइल्स ट्यूबमधून (तीच नाकातली नळी) 180 मिली ॲस्पिरेट आलं, म्हणजे सिरिंजने ओढल्यावर पोटात साठलेलं तेवढं परत आलं, मी घाबरून रात्रभर फीड थांबवलं आणि वर वाटलं की किती काळजी घेतली आपण. सकाळी सीनियर सिस्टरनी विचारलं, पोट फुगलंय? उलटी? नाही ना, मग उपाशी का ठेवलंस त्यांना? ओरडल्या नाहीत, नुसता चार्ट हातात दिला आणि 3 दिवसांची बेरीज करायला लावली. रोज 1500 मिली लिहिलेलं, गेलेलं 800, 650 आणि 1050. म्हणजे साडेचार लिटरपैकी अडीच! आता तर गाइडलाइन्सही सांगतात की बाकी काही लक्षण नसेल तर 500 मिलीच्या आतल्या ॲस्पिरेटसाठी फीड थांबवू नका. तेव्हापासून मी हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवताना, बीपीच्या आधी फीडचा आकडा सांगते, काही जणी हसतात, हसू देत.

बाकी आमचं काम म्हणजे पहिल्या 24-48 तासांत फीड सुरू करायचं का हे डॉक्टरांना आपणहून विचारणं, डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवणं, नाकापाशी नळीची खूण सरकली नाही ना हे प्रत्येक शिफ्टला बघणं, आणि प्रोटोकॉल असेल तर बुडालेलं फीड उरलेल्या तासांत स्पीड वाढवून भरून काढणं. कागदावर व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक सिस्टर असते, रात्री तिघांना मिळून एक, असंही मी केलंय, तेव्हा हे सगळं कसं होतं ते विचारू नका.

तुम्ही काय करायचं? वडिलांचं आधीचं वजन, ॲडमिट व्हायच्या आधी किती दिवस जेवण सुटलं होतं, आणि दारू असेल तर तेही, न लाजता सिस्टरना सांगा. खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर फीड दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन उतरतं, जिवावर बेततं, तिथे हळूच वाढवावं लागतं. घरचं सूप, नारळपाणी गुपचूप मावशींकडे देऊ नका, किडनीचा त्रास असेल तर नारळपाण्यातलं पोटॅशियम महागात पडतं. आणि "जेवले का" याऐवजी "काल किती द्यायचं होतं, किती गेलं" असं विचारा, चांगली सिस्टर चार्ट बघून सांगेल.

व्हेंटिलेटरची घशातली नळी निघाली की नवीनच अडचण येते, गिळता येतंय का ते तपासून, सरळ बसवून चमच्याने सुरुवात करतात आणि खाणं एकदम कमी होतं. माझ्या एका पेशंट आजोबांबद्दल आम्ही 4 दिवस "खायला नको म्हणतात" असं लिहित होतो, कवळी घरी कपाटात होती. वडिलांना कवळी असेल तर धुऊन डबीवर नाव लिहून ठेवा, नळी निघाली की सिस्टरना विचारून त्याच दिवशी घेऊन या.