वाचकांचे प्रश्न : शोभेच्या गवताचे बी

प्रश्न (कोथरूड) : आमच्या बंगल्याच्या वाटेलगत वीस फूट लांब आणि अडीच फूट रुंद असा पट्टा रिकामा आहे. तेथे शोभेच्या गवतांची किनार करावी, म्हणून गेल्या डिसेंबरात शेजाऱ्यांकडील जांभळ्या फाउंटन गवताचे वाळलेले तुरे चुरून कुंडीत पेरले. दीड महिना पाणी घातले, तरी एकही कोंब आला नाही. परदेशी बियांच्या एका पाकिटावर बी चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे असे छापलेले दिसले. आपल्याकडेही तसे करावे लागते का?

उत्तर : आपल्या हातून पेरणीत चूक झाली असे मनाला लावून घेऊ नये, कारण त्या तुऱ्यांत बहुधा बी नव्हतेच. पुण्यातील रोपवाटिकांत सर्रास मिळणारे जांभळ्या पानांचे फाउंटन गवत जवळपास वांझ असते. तुरे भरघोस येतात, पण दाणा भरत नाही. ते हवे असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर शेजाऱ्यांकडून जुना ठोंब मागून घ्यावा, धारदार खुरप्याने तो फोडावा आणि मुळ्यांसकट चार-पाच फुटव्यांचा एकेक तुकडा लावावा.

कोणत्याही गवताचे बी पेरण्याआधी दाणा पाहण्याची सवय लावून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. एक तुरा पांढऱ्या ताटलीवर तळहाताने चोळावा आणि हलकी फुंकर मारावी. भुसा व तूस उडून जाते आणि भरलेले दाणे ताटलीत राहतात. ते कधी खसखशीएवढे, तर कधी जिऱ्याएवढे असतात. नखाने दाबल्यावर दाणा टणक लागला, तर तो पेरण्याजोगा. नुसतीच टरफले चेपत असतील, तर कुंडी भरण्याचे कष्ट घेऊ नयेत.

दुसरा मुद्दा वेळेचा. फ्रिजची सूचना थंड प्रदेशातील काही गवतांसाठी असते. आपल्या उष्ण हवेतील गवतांना थंडी नको, उलट ऊब हवी. पंचवीस-तीस अंश तापमानात ती चटकन रुजतात, आणि डिसेंबरात पुण्याची रात्र दहा-बारा अंशांवर उतरते, तेव्हा भरलेले बीही आळसावून पडते. शिवाय आपल्या टेकड्यांवरच्या अनेक गवतांचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकते, पण ताजे असताना रुजत नाही; काही महिने कोरडे राहिल्यावरच त्याची सुप्तावस्था मोडते. निसर्गात ते उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून राहते आणि मृगाच्या पावसात उगवते. आपणही तेच करावे : बी कागदी पाकिटात घालून, वर नाव व महिना लिहून, कोरड्या जागी ठेवावे आणि मे महिन्याच्या अखेरीस पेरावे.

आपल्या पट्ट्यासाठी मी मागच्या रांगेत रोशा गवत सुचवीन. ते पुरुषभर वाढते, पाने चुरगळली की सुगंध येतो आणि पावसाळ्यानंतर तुऱ्यांवर तांबूस झाक चढते. पुढे मारवेल लावावे. त्याच्या तुऱ्याच्या जांभळट बोटांवर सकाळचे दव फार शोभते. कुसळी गवत दिसायला देखणे, पण वाटेलगत नको, कारण त्याची कुसळे कपड्यांत आणि कुत्र्या-मांजरांच्या केसांत रुततात. मात्र त्याचे एक बी ओल्या तळहातावर ठेवून अवश्य पाहावे. पीळ पडलेले कुसळ ओल लागताच गिरक्या घेऊ लागते. याच हालचालीने ते टोकदार बी जमिनीत शिरते. टेकडीवरचे तुरे मात्र ओरबाडू नयेत, त्या दाण्यांवर मुनियांचे थवे जगतात. रिकाम्या प्लॉटवरचे मूठभर बी पुरेसे आहे.

पेरणीसाठी उथळ ट्रेमध्ये कोकोपीट, चाळलेले गांडूळखत आणि वाळू समभाग घ्यावी. बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून पसरावे, फळीने हलके दाबावे आणि वर जेमतेम दाण्याएवढा थर द्यावा. पाणी फवाऱ्यानेच द्यावे. बहुतेक आठ-पंधरा दिवसांत सुईसारखे हिरवे कोंब दिसू लागतात. रोपे चार-पाच इंचांची झाली की, साधारण सहा आठवड्यांनी, पट्ट्यात लावावीत. मारवेलमध्ये एक फूट आणि रोशामध्ये दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. पहिल्या वर्षी पट्टा विरळ दिसेल. ती उणीव भरून काढण्यासाठी मध्ये शोभेची जांभळी बाजरी पेरावी. ‘पर्पल मॅजेस्टी’ या वाणाला 2003 मध्ये ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चे सुवर्णपदक मिळाले होते. तिची रोपे आधी हिरवी असतात आणि भरपूर उन्हात जांभळी होतात. ती संकरित असल्याने घरी धरलेले बी मात्र पुढच्या वर्षी तसेच निपजणार नाही.

प्रश्न (हडपसर) : गवताची रोपे दोन इंचांची झाली की बुडाशी लवून मरतात. काय करावे?

उत्तर : ही मर आहे. दाट पेरणी, सतत ओला ट्रे आणि कोंडलेली हवा यांमुळे बुरशी बळावते. बी विरळ टाकावे, पाणी सकाळी द्यावे आणि वरचा थर किंचित सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये.

प्रश्न (बावधन) : हिरव्या फाउंटन गवताचे बी मिळाले आहे. घर टेकडीच्या पायथ्याशी आहे. पेरावे का?

उत्तर : कृपया पेरू नये. जांभळ्याच्या उलट, या हिरव्या जातीला मुबलक बी येते आणि ते वाऱ्यावर दूर जाते. हवाई बेटांवर ते असेच मोकाट पसरले असून वाळल्यावर तेथील वणव्यांना इंधन पुरवते. आपल्या टेकड्या उन्हाळ्यात आधीच पेटतात. त्याऐवजी मारवेल लावावे.