रुग्णाच्या रक्तातून मलेरियाच्या परजीवीचा जिनोम कसा वाचतात?

रुग्णाच्या रक्तात माणसाचाच डीएनए भरमसाट असताना परजीवीची जनुकीय विविधता सिक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनएचा अक्षरक्रम वाचून, कशी कळते, असे आपण विचारले आहे. अशा नमुन्यांचे संगणकीय विश्लेषण मी करतो आणि आपली शंका रास्त आहे. तांबड्या पेशीत केंद्रक नसते, पण पांढऱ्या पेशीत असते. मलेरियाच्या फाल्सिपेरम या परजीवीचा जिनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, अवघा २.३ कोटी अक्षरांचा असल्यामुळे एका पांढऱ्या पेशीतला डीएनए अशा सुमारे २७५ परजीवींच्या डीएनएइतका भरतो. म्हणून ताजे रक्त सेल्युलोजच्या गाळणीतून सोडून पांढऱ्या पेशी अडवतात. कागदावर सुकवलेला थेंबच हाती असेल, तर परजीवीच्या डीएनएत वारंवार येणाऱ्या अक्षरक्रमांना चिकटणारे प्रायमर (डीएनएचे आखूड तुकडे) वापरून निवडकपणे त्याच्याच प्रती वाढवतात.

खरा पेच त्यानंतरचा आहे. माणसाच्या रक्तात हा परजीवी एकगुणित असतो, म्हणजे त्याच्याकडे प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत असते. यंत्र डीएनए छोट्या तुकड्यांत वाचते. त्यामुळे जिनोममधील एखाद्या स्थानावरून गेलेल्या १०० तुकड्यांपैकी ७० मध्ये ‘सी’ हे अक्षर आणि ३० मध्ये ‘टी’ दिसले आणि हेच प्रमाण इतर अनेक स्थानांवरही आढळले, तर त्या रुग्णात किमान दोन वाण एकत्र नांदत आहेत असे समजावे. (नवखे लोक हा गोंधळ चूक समजून टाकून देतात, माझ्या मते नमुन्यातली सर्वांत बोलकी माहिती तीच असते.) जेथे डास वारंवार लागण करतात तेथे मिश्र नमुने अधिक मिळतात, प्रसार ओसरला की एकाच वाणाचे नमुने वाढतात.

औषधरोधाचा मागही असाच काढतात. आर्टेमिसिनीन या मलेरियावरील औषधाला दाद न देणाऱ्या परजीवींमध्ये केल्च-१३ जनुकातील बदल असतात, हे २०१४ मध्ये कंबोडियातील नमुन्यांवरून प्रसिद्ध झाले. पुढे रवांडातही या जनुकातील बदल सापडला, तेव्हा तो आशियातून आला की तेथेच उपजला हे ठरवण्यासाठी त्या एका अक्षराकडे पाहून भागणार नव्हते. त्याच्या दोन्ही बाजूंचा अक्षरक्रम ताडून पाहिला, तो आफ्रिकी परजीवींशी जुळला आणि बदल स्थानिकच ठरला.

गुणसूत्रांची टोके मात्र या पद्धतीला बहुधा वगळावी लागतात. प्रतिकारशक्तीला चकवणारी सुमारे ६० व्हार जनुके बरीचशी तेथेच असतात आणि ती एकमेकांत इतकी मिसळत राहतात, की छोटा तुकडा नेमका कोठला हे सांगता येत नाही. तेथे लांब तुकडे वाचणारी यंत्रेच उपयोगी पडतात.