सुपरहिरो कॉमिक्सचे कोणते संग्रह खरंच वाचण्यासारखे आहेत?

तुम्ही लिहिलंय की चित्रपट बहुतेक सगळे पाहून झालेत, कॉमिक मात्र एकही वाचलेलं नाही, आणि एवढ्या पसाऱ्यात हात कुठून घालावा ते कळत नाही. शिवाय दहा वर्षांच्या भाचीला देता येईल असंही काही हवंय. भाचीचं शेवटी बघू, आधी तुमचं.

पहिल्या अंकापासून क्रमाने वाचायला हवं, ही समजूत आधी सोडून द्या. सुपरमॅन जून १९३८ च्या अंकात आला, बॅटमॅन १९३९ मध्ये, स्पायडरमॅन १९६२ मध्ये. तेव्हापासून आजवरचं सगळं कुणीच वाचलेलं नाही. ही पात्रं हल्ली जे लिहितात त्यांनीही नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. ही पात्रं कंपनीच्या मालकीची असल्यामुळे त्यांची गोष्ट संपू दिली जात नाही. मेलेले परत येतात, जुळलेले संसार मोडतात, आणि चार वर्षांनी सगळं मूळ जागी. यासाठी एक्स-मेनमधल्या 'डार्क फिनिक्स'चं उदाहरण पुरेसं आहे. ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी १९८० मध्ये ही कथा रचली तेव्हा 'फिनिक्स' या अफाट शक्तीने बेभान झालेल्या जीन ग्रे या नायिकेची शक्ती काढून घेतली जाते आणि ती जिवंत राहते, असा शेवट ठरला होता. संपादक जिम शूटर अडून बसले: हिने एक अख्खा वसलेला ग्रह जाळलाय, ही अशी सुटू शकत नाही. मग शेवट बदलला, जीन मेली आणि त्यामुळेच ती कथा अजून लोकांच्या लक्षात आहे. सहा वर्षांनी, १९८६ मध्ये, ती जीन मुळात फिनिक्स नव्हतीच असं ठरवून तिला परत आणलं! कथा आजही वाचनीय आहे, फक्त क्लेअरमाँटच्या शब्दबंबाळपणाची तयारी ठेवा. चित्रात जे स्पष्ट दिसतंय तेच वरच्या चौकटीत तीन ओळींत सांगायची त्यांना खोड आहे.

म्हणून माझी निवडीची पद्धत सोपी आहे. पात्राचं नाव बघून पुस्तक घेत नाही. लेखक-चित्रकाराची जोडी कोण आणि या जोडीने सुरू केलेलं या जोडीनेच संपवलंय का, एवढं बघतो. 'बॅटमॅन चांगला की आयर्नमॅन' या वादापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडतं.

तुम्ही चित्रपटांकडून येताय, तर 'द व्हिजन'पासून सुरुवात करा. टॉम किंग यांचं लेखन, गॅब्रिएल हर्नांडेझ वाल्टा यांची चित्रं, २०१५-१६ मधली बारा अंकांची मालिका. यंत्रमानव व्हिजन स्वतःसाठी बायको आणि दोन मुलं बनवतो आणि वॉशिंग्टनजवळच्या एका उपनगरात घर करून राहू लागतो. त्यांना चारचौघांसारखं व्हायचंय, बास. निवेदक अधूनमधून शांतपणे पुढे काय वाईट होणार ते सांगून टाकतो आणि आपण ते घडेपर्यंत श्वास रोखून पानं उलटत बसतो. मारामारी जवळजवळ नाहीच. जॉर्डी बेलेअर यांचे रंग शिळ्या संध्याकाळीसारखे आहेत, त्या टापटीप घरात काहीतरी कुजतंय हे शब्दांच्या आधी रंगच सांगतात. आधीचं काहीही माहीत नसलं तरी अडत नाही.

त्यानंतर मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांचा 'हॉकआय' घ्या (२०१२ ते २०१५). चित्रपटात ज्याच्याकडे कुणी बघत नाही तोच हा धनुर्धारी. फ्रॅक्शनने प्रश्न विचारला, जग वाचवण्याची ड्यूटी नसते तेव्हा हा माणूस काय करतो? उत्तर असं की ब्रुकलिनच्या एका जुन्या इमारतीत राहतो, भाडेकरूंसाठी गुंडांशी भांडतो आणि दर दुसऱ्या पानाला मार खातो. अकरावा अंक पूर्ण त्याच्या कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसं बोलतात, पण कुत्र्याला कळतील तेवढेच शब्द आपल्याला वाचता येतात. बाकी सगळं वास, खुणा आणि रेषांनी जोडलेल्या छोट्या चित्रांतून. एकोणिसाव्या अंकात हॉकआयची श्रवणशक्ती गेलेली आहे, तर बरेचसे संवाद खाणाखुणांच्या भाषेत काढलेत आणि खाली अर्थ दिलेला नाही. कॉमिकचा चित्रपट करता येतो, पण हा कुत्र्याचा अंक पडद्यावर कसा आणणार? मला तरी सुचत नाही. मध्ये काही अंक दुसऱ्या चित्रकारांनी काढलेत. तिथे जरा धीर धरा.

आता चित्रकार डेव्हिड मॅझुकेली. या माणसाने दोन वर्षांत लेखक फ्रँक मिलरबरोबर दोन गोष्टी केल्या, १९८६ मध्ये 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन' आणि १९८७ मध्ये 'बॅटमॅन: इयर वन', आणि मग मुख्य प्रवाहातल्या सुपरहिरोंना जवळजवळ रामरामच ठोकला. 'इयर वन' चार अंकांचं आहे, एका बैठकीत संपतं. नाव बॅटमॅनचं असलं तरी गोष्ट जिम गॉर्डनची आहे: भ्रष्ट पोलीसखात्यात बदलून आलेला, बायको गरोदर असताना दुसरीकडे पाय घसरलेला, तरीही सरळ राहू बघणारा अधिकारी. पण दोन्हींत मला उजवं वाटतं ते 'बॉर्न अगेन'. डेअरडेव्हिल म्हणजे दिवसा वकिली करणारा आंधळा नायक; त्याची जुनी प्रेयसी नशेच्या एका मात्रेसाठी त्याचं खरं नाव विकते. ते नाव हातोहात गुन्हेगारांचा म्होरक्या किंगपिनपर्यंत पोचतं. मग किंगपिन त्याला ठार मारत नाही. बँकेचं खातं गोठवतो, वकिलीची सनद घालवतो, घर उडवून देतो. एकेक विटेने माणूस उतरवतो. मधले कितीतरी भाग नायकाच्या अंगात पोशाखच नाही. शेवटाकडे एक वेडसर सैनिक पात्र येतं आणि कथा थोडी ढळते, असं माझं मत. पण तोवर मिलर-मॅझुकेलीनी इतकं कमावलेलं असतं की ते खपून जातं.

बॅटमॅनप्रेमी इथे विचारतील, 'डार्क नाइट रिटर्न्स' कुठे गेलं? वाचा ना. म्हातारा बॅटमॅन, रॉबिन म्हणून या वेळी एक मुलगी, टीव्हीच्या पडद्यांनी गच्च भरलेली पानं, सगळं जबरदस्त आहे. पण ते पहिलं पुस्तक म्हणून देऊ नये. त्यातला राग कशावर आहे ते कळायला बॅटमॅन थोडा अंगवळणी पडलेला असावा लागतो. 'द किलिंग जोक' मात्र मी कुणालाही सुचवत नाही. ब्रायन बोलंड यांचं रेखाटन अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण जिम गॉर्डनच्या मुलीला, बार्बराला, त्यात जे भोगावं लागतं ते केवळ पुरुषांच्या वादविवादाला सामान म्हणून.

माझं सगळ्यात लाडकं पुस्तक 'ऑल-स्टार सुपरमॅन'. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली, बारा अंक, २००५ ते २००८. 'सुपरमॅन कंटाळवाणा आहे, त्याला काहीच होत नाही' असं म्हणणाऱ्याच्या हातात मी हेच देतो. इथे त्याला पहिल्याच अंकात कळतं की सूर्याच्या अतिरेकी शक्तीने त्याच्या पेशी मरू लागल्यात आणि दिवस थोडे उरलेत. मग तो काय करतो? राहिलेली कामं आवरतो. त्याचा जन्म, ग्रहाचा नाश, अवकाशातला प्रवास, पृथ्वीवरचे आईबाप, ज्यावर बाकीचे लेखक शंभर पानं घालवतात, ते इथे पहिल्या पानावर चार चौकटींत आणि आठ इंग्रजी शब्दांत उरकलंय. क्वाइटलीची कमाल क्लार्क केंटमध्ये दिसते. तो नुसता चष्मा लावत नाही. खांदे पाडतो, पोट सोडतो, धडपडतो, आणि नीट बघितलं तर त्या प्रत्येक धडपडीत कुणाला तरी अपघातातून वाचवलेलं असतं. हे शब्दांत कुठेही सांगितलेलं नाही. दहाव्या अंकात उंच इमारतीच्या कडेवर उभी असलेली एक मुलगी आहे. ते एकच पान, पाच चौकटी. त्याबद्दल जास्त बोलत नाही, तुमचं तुम्ही वाचा.

'वॉचमेन' (१९८६-८७) यादीत नाही असं कसं होईल? पण तेही चार-पाच पुस्तकं झाल्यावर घ्या. अ‍ॅलन मूर यांना ही गोष्ट चार्लटन या कंपनीकडून डीसीने (सुपरमॅन-बॅटमॅनची प्रकाशक) विकत घेतलेल्या पात्रांवर करायची होती. ती पात्रं कथेअखेर कुणाच्या कामाची राहणार नाहीत हे ओळखून संपादकांनी नवी पात्रं बनवायला सांगितलं. भलं झालं. उसनी पात्रं नसल्यामुळेच मूर आणि डेव्ह गिबन्स यांना गोष्ट तडीस नेता आली. पाचवा भाग तर आरशासारखा रचलेला आहे, पहिलं पान शेवटच्याशी जुळतं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी, आणि ही घडी बरोबर मधोमध पडते. आणि हो, प्रकरणांच्या शेवटी जी नुसत्या मजकुराची पानं आहेत ती गाळू नका. लोक गाळतात आणि मग पुस्तक कोरडं आहे म्हणतात.

जुनं काही चाखायचं असेल तर स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा मूळ स्पायडरमॅन. संवाद आज बाळबोध वाटतील, पण तेहतिसाव्या अंकात पीटर एका अजस्र यंत्राखाली अडकतो, पाणी चढत असतं, आणि डिटको पानामागून पान चौकट मोठी करत नेतो. या एका प्रसंगाची नक्कल पुढे असंख्यांनी केली.

कंपनीच्या कचाट्याबाहेरचं एक लांबलचक वाचन म्हणजे रॉबर्ट कर्कमनचं 'इन्व्हिन्सिबल': २००३ ते २०१८, १४४ अंक, तीन जाडजूड खंड, आणि खराखुरा शेवट. रक्तपात भरपूर. आणि कर्ट ब्युसिकच्या 'अ‍ॅस्ट्रो सिटी'तली 'द निअरनेस ऑफ यू' ही छोटी कथा शोधून वाचा; 'कन्फेशन' नावाच्या संग्रहात मिळेल. एका साध्या माणसाला रोज एका अनोळखी बाईची स्वप्नं पडतात, आणि त्याचं कारण सुपरहिरोंच्या एका महायुद्धात दडलेलं असतं. मोजक्या पानांत एवढा चटका लावणारं या प्रकारात मी दुसरं वाचलेलं नाही.

वगळा काय? डझनावारी पात्रं एकमेकांवर तुटून पडतात ते महाप्रसंग. 'सिव्हिल वॉर' चित्रपट आवडला म्हणून त्याच नावाचा संग्रह घ्याल तर अर्धी गोष्ट इतर मालिकांच्या अंकांत सांडलेली आढळेल.

घेताना आवृत्तीकडे लक्ष द्या. साधा कागदी बांधणीचा संग्रह, पाच-सहा अंकांचा, वाचायला सर्वांत सोयीचा. हजारेक पानांचा ऑम्निबस दिसतो देखणा, पण आडवं पडून वाचता येत नाही आणि बांधणी घट्ट असली तर दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग खोबणीत गडप होतो. जुन्या कथांमध्ये रंगांची पण गडबड असते. वर्तमानपत्री कागदासाठी केलेले रंग गुळगुळीत कागदावर भडक होतात. 'किलिंग जोक'ला तर २००८ मध्ये बोलंडने स्वतः नवे, थंड रंग दिले, आणि जॉन हिगिन्सचे मूळचे उग्र जांभळे-पिवळे रंग गेले. शक्य असेल तर आधी दोन पानं चाळून बघा.

भाचीसाठी दोन नावं. जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना यांची २०१४ मधली 'मिस मार्व्हल': जर्सी सिटीतली कमला खान, घरचे पाकिस्तानी वळणाचे नियम, आणि अचानक हातपाय ताणता येऊ लागलेले. दुसरं, जीन लुएन यांगचं 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन'. काळ १९४६ चा. एक चिनी-अमेरिकन कुटुंब मेट्रोपोलिसमध्ये राहायला येतं आणि वंशद्वेष्टी टोळी (खऱ्या 'कू क्लक्स क्लॅन'वर बेतलेली) त्यांच्या मागे लागते. यातला सुपरमॅन अजून उडत नाही, नुसता धावतो आणि उड्या मारतो, कारण आपण परके आहोत हे त्याला लोकांना दिसू द्यायचं नाहीये. चित्रं गुरिहिरू या जपानी जोडीची, स्वच्छ आणि हसरी. टोळीचा इतिहास काय होता ते ती विचारेल, त्याची तयारी ठेवा. 'इन्व्हिन्सिबल'चं मुखपृष्ठही असंच रंगीबेरंगी आहे, तेवढं मात्र तिच्या हाती लागू देऊ नका.