पोलंडमध्ये सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलंय. सोबत काय न्यावं, आणि शाकाहारी असल्याचं आधी सांगितलं तर बरं दिसेल का?

सांगा. आजच सांगा. न्यायच्या वस्तूंचं शेवटी लिहिते, पण या दुसऱ्या प्रश्नापायी मी एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आणलंय, म्हणून आधी ते.

पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात आम्ही नवीन होतो. ऑफिसातल्या मैत्रिणीने रविवारी दोन वाजता आपल्या आईकडे जेवायला बोलावलं. माझे एक चुलत दीर तेव्हा बरीच वर्षं जर्मनीत होते, त्यांना फोन करून हेच विचारलं. ते म्हणाले, "पहिल्याच भेटीत खाण्याच्या अटी घालायच्या नसतात. बटाटे असतातच, ते खा आणि ये." मला पटलं. पानात पडेल ते मुकाट्याने खावं, हेच ऐकत आपण वाढलेलो असतो.

दारातूनच मी हात पुढे केला. काकूंनी तो न घेता मला दंडाला धरून आत घेतलं आणि मग हात मिळवला. उंबऱ्यावरून हात मिळवणं तिकडे अशुभ मानतात. बूट काढल्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता पायांपुढे ठेवल्या. मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

मग रोसूव आलं. पोलिश घरातलं रविवारचं जेवण बहुतेक याच सूपने सुरू होतं. कोंबडी, गाजर, पार्सली, सेलरीचा कंद, सगळं मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचं. खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर ते गढूळ होतं. वर चरबीचे सोनेरी ठिपके तरंगतात, त्यांना ते 'डोळे' म्हणतात. आत बारीक शेवया. काकू सकाळपासून त्यापाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, भूक नाही. पाठोपाठ स्हाबोवी आलं, म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेलं डुकराचं मांस. मी म्हटलं, नको. शेपू भुरभुरवलेले बटाटे आणि मिझेरिया एवढंच वाढून घेतलं. मिझेरिया म्हणजे आंबट सायीतली काकडीची कोशिंबीर.

काकूंनी तीनदा आग्रह केला. मी तीनदा पोटावर हात ठेवला. मग त्या उठून आत गेल्या. मैत्रीण मागोमाग गेली, परत आली आणि हळूच म्हणाली, "आईला वाटतंय, तुला आमच्या घरच्या खाण्याची किळस येते. खरं काय ते सांग." सांगितलं. काकू डोळे पुसत बाहेर आल्या. "शुक्रवारी कळवलं असतंस तर पियेरोगी केले असते गं!" पियेरोगी म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या. आणि सगळे टेबलावर थांबलेले असताना त्या बटाटे किसायला बसल्या. कांदा, अंडं, थोडं पीठ घालून गरम गरम प्लात्स्की तळले. बाकीच्यांचं जेवण गार झालं.

भावजींना हे सांगितलं तर म्हणाले, "बघ, शेवटी खायला मिळालंच ना!" त्यावरून आमचं वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही. भावजी, प्रश्न माझ्या पोटाचा नव्हताच. 'गोश्च व दोम, बूग व दोम', घरात पाहुणा म्हणजे घरात देव, ही त्यांची म्हण आहे आणि ते ती पाळतात. 24 डिसेंबरच्या रात्री, विगिलियाच्या म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला, अचानक कुणी आलंच तर म्हणून एक रिकामं ताट मांडून ठेवणारी माणसं ही. अशा घरात गप्प बसणं म्हणजे सभ्यपणा नव्हे, यजमानिणीला तोंडघशी पाडणं आहे.

त्याच वर्षी काकूंनी मला विगिलियाला बोलावलं. त्या रात्री परंपरेने मांस नसतंच. बार्श्च म्हणजे बिटाचं आंबट सूप, त्यात मश्रूम भरलेल्या इवल्या करंज्या, कोबी-मश्रूमचे पियेरोगी, सुक्या फळांचं सरबत. कार्प मासा त्यांनी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला होता. ओप्वातेक नावाची पापडासारखी पातळ पोळी एकमेकांना मोडून देतात आणि शुभेच्छा देतात. त्यांनी सगळ्यांत आधी माझ्याकडे केली.

सांगताना मात्र नीट सांगा. "मांस खात नाही" एवढं पुरत नाही. उपासाला मांस वर्ज्य पण मासे चालतात, त्यामुळे मासा त्यांच्या हिशेबात मांसात येत नाही. सूपही मांसाचं नको, आणि पियेरोगींवर चरबीचे तळलेले तुकडे घालतात तेही नकोत, हे वेगळं सांगा. अंडं चालतं की नाही तेही.

न्यायचं काय? फुलं आणि चॉकलेटचा डबा. फुलं विषम संख्येत, आपण आहेराला 101 देतो तसं. सम संख्या तिकडे अंत्यविधीला. आपली शेवंती अजिबात नको, 1 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, ती सगळ्या कबरींवर असते. मोजे धड घाला. चहा बिनदुधाचा येईल, लिंबाची चकती घालून.

तुमचा सहकारी तरुण असेल तर कदाचित तोच विचारेल, शहरांत आता शाकाहारी खूप दिसतात. माझ्या काकू सत्तरीच्या होत्या. पण जेवण त्याची आई करणार असेल तर शुक्रवारच्या आत कळवा. शनिवारी रोसूवची कोंबडी घरात आलेली असते.