पुराच्या निवाऱ्यात बायकांची सुरक्षितता

प्रश्न : आमचं गाव शिरोळ तालुक्यात आहे. 2019 सारखा पूर आला तर शाळेतच निवारा होईल. बायका-मुलींसाठी आधी काय करावं?

उत्तर : सुरुवात शौचालयापासून करा. ते लांब, अंधारात असलं की बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि हल्ल्याचा धोकाही त्याच वाटेवर असतो. 20 माणसांमागे एक, पुरुषांच्या एकामागे बायकांची तीन, हे मदतकार्यातलं आंतरराष्ट्रीय प्रमाण. अंतर 50 मीटरच्या आत, आतून कडी हवीच. पुरात वीज जाते, म्हणून वाटेवर सौरदिवे लावा. जागा बायकांना विचारूनच ठरवा. हे नेमकं राहून जातं. एकट्या बायकांना टोकाच्या खोलीत ठेवू नका. वाटपाच्या टेबलावर बाई हवी, कारण धान्याच्या बदल्यात शरीर मागितलं जातं आणि ती तक्रार पुरुषाकडे कुणी नेत नाही.

अत्याचार झालाच तर लगेच रुग्णालयात न्या. एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं. उपचार मोफत असतात, त्यासाठी आधी एफआयआर लागत नाही. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ म्हणून नोंदवता येतो. महिला हेल्पलाइन 181. हा आकडा प्रत्येक शौचालयाच्या दारावर आतून लिहा.