आधी समोरच्याचा नकार ओळखायला शिका

तुम्ही पलूसचे, डिप्लोमा झालाय आणि पुढच्या महिन्यात कोइमतूरला पंपांच्या कारखान्यात रुजू होताय. हाताखाली तमिळ आणि मल्याळी कामगार असतील, शिवाय दर आठवड्याला नेदरलँड्सच्या ग्राहकाशी कॉल. तुम्ही विचारलंय, वेगळ्या संस्कृतीच्या माणसांशी नीट बोलायला कसं शिकायचं, आणि त्यासाठी तमिळ शिकू की इंग्रजी सुधारू?

दोन्हींच्या आधी एक गोष्ट शिका, असं मी म्हणेन. समोरचा माणूस नकार कसा देतो, ते. होकार सगळे मोकळेपणानं देतात. नकार मात्र दर ठिकाणी वेगळ्या वाटेनं येतो. काम अडतं, पैसे अडकतात, मनं दुखावतात, ती बहुतेक वेळा हा नकार न कळल्यामुळं.

मी सांगलीच्या खानापूर तालुक्यातली. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडं साताऱ्याचं माण-खटाव, या दुष्काळी पट्ट्यातून माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. १९७२ च्या दुष्काळानंतर ती वाट आणखी रुळली. सराफाचं जुनं सोनं-चांदी आटवायचं, शुद्ध करायचं, टंच म्हणजे शुद्धता काढून परत द्यायचं, हा तो धंदा. दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत असते, तेव्हा गावात उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचल्या तरी कोण कुठं पोचलंय ते कळतं. लग्नानंतर मीही कोइमतूरला गेले, सासरची गलाई तिथं होती.

आता विचार करा. गावाकडचा सातवी-आठवी शिकलेला पोरगा, हिंदीही धड नाही, तो परमुलखात जातो आणि तिथला सराफ आपलं सोनं त्याच्या हातात देतो. ज्याचं बोलणं कळत नाही त्याच्यावर कुणी इतका भरवसा का ठेवावा? कारण गलाईवाला सगळं समोर करतो. आधी गिऱ्हाइकासमोर वजन, ते मोठ्यानं म्हणायचं, कागदावर लिहायचं, त्याला दाखवायचं. मूस, म्हणजे सोनं आटवायचं भांडं, भट्टीत त्याच्या डोळ्यांदेखत जाते. आटल्यावर पुन्हा वजन, आणि घट किती आली ती त्यानं विचारायच्या आधी आपण सांगायची. नवीन पोराला भाषेच्या आधी हे शिकवतात. आधी आकडे, मग वस्तूंची नावं, वाक्यं सगळ्यांत शेवटी. तुमच्या कारखान्यातही हेच चालेल. मापाचा फरक असेल तर नुसतं सांगू नका, गेज लावून दाखवा, आकडा फळ्यावर लिहा, आणि समजलेलं त्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा.

आमच्या दुकानात तमिळ सराफ यायचे, पालघाटकडचे मल्याळी यायचे, दागिने घडवणारे बंगाली कारागीर यायचे. नकाराची रीत प्रत्येकाची वेगळी. बंगाली कारागीर दरावरून तावातावानं भांडायचा, पण भांडतोय तोवर सौदा जिवंत आहे असं समजायचं. तो गप्प झाला की संपलं. तमिळ सराफाला दर पटला नाही तर तो तोंडावर तसं म्हणायचा नाही. मुलांची चौकशी करायचा, कॉफी मागवायचा आणि उद्या बघू म्हणायचा. गावाकडून नुकता आलेला पोरगा दुसऱ्या दिवशी आशेनं त्याच्या दारात जाऊन उभा राहायचा.

यावर माझ्या सासऱ्यांचा एक नियम होता, तो मी आजही पाळते. होय-नाही असं उत्तर येईल असा प्रश्न विचारायचाच नाही. ‘उद्या माल देणार का?’ असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. ‘उद्या किती वाजता कुणाला पाठवू?’ असं विचारायचं. वेळ आणि नाव मिळालं तर काम झालं. माणूस दुसऱ्याच विषयाकडं वळला तर त्यानं तुमचा आणि स्वतःचा मान राखून नकार दिलाय, तो तिथंच स्वीकारायचा. तुम्ही तर साहेब म्हणून जाताय. चारचौघांत ‘हे शुक्रवारपर्यंत होईल ना?’ म्हणालात तर कोण नाही म्हणेल? त्याला बाजूला घेऊन विचारा, ‘यात अडचण कुठं येईल?’ मग तो मोकळा बोलेल. आणि वयानं मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारू नका. आपले अण्णा आणि अक्का तिथं जसेच्या तसे चालतात, ही आपली केवढी सोय!

मान डावीकडं-उजवीकडं हलकेच डुलली तर ती बहुतेक संमती असते. आपल्याकडून गेलेले पहिल्या आठवड्यात त्यालाच नकार समजतात.

काही नकार तुमच्याशी संबंधितच नसतात. तमिळ घरांत राहुकाळ पाळतात. रोज दीड तासाचा, पण प्रत्येक वाराला वेगळ्या वेळी. शुक्रवारी साधारण साडेदहा ते बारा. त्या वेळात बरेच सराफ सोनं हातातून देत नाहीत. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यांचा आडी महिना, त्यात लग्नं ठरवत नाहीत, नवीन कामाचा मुहूर्त करत नाहीत. केरळात त्याच सुमाराला कर्किडकम महिना. त्यांचे महिने सूर्याच्या संक्रांतीवर, म्हणजे सूर्य रास बदलतो त्यावर चालतात, म्हणून आपल्या आषाढाशी ते तंतोतंत जुळत नाहीत. तिथलं एक कॅलेंडर घेऊन भिंतीला लावा. नवीन यंत्र सुरू करायची तारीख ठरवण्याआधी त्यावर नजर टाकलीत तर निम्मे गैरसमज जन्मालाच येणार नाहीत.

माझी तमिळ दुकानात कमी आणि शेजारच्या घरांत जास्त घडली. नवरात्रात तिथं पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. शेजारणी एकमेकींना बोलावतात, हरभऱ्याचं सुंडल म्हणजे उसळ देतात, निघताना कुंकू आणि विड्याची पानं-सुपारी. आपलं हळदीकुंकूच की हे! मला चार वाक्यंही येत नव्हती, पण तिथं कसं बसायचं, काय घ्यायचं, कधी उठायचं हे मला आधीपासून ठाऊक होतं. म्हणून सांगते, फरकांची यादी पाठ करून जाऊ नका. एकाच्या घरी जेवायला बोलावलं तर नक्की जा. पानावरचं संपवा, आणि जेवण झालं की शेजारचे पान कुणीकडून मिटतात ते बघून तसंच मिटा. सणावारी ते स्वतःच्या दिशेनं मिटतात.

डच माणसांशी माझी गाठ अलीकडची. सासू-सासऱ्यांसाठी आम्ही परत आलो आणि मी तासगावकडं द्राक्ष निर्यातीच्या एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रांचं काम घेतलं. माल समुद्रानं रॉटरडॅमला जातो. तिकडून पहिली तक्रार आली ती दोन ओळींची. या पेट्यांत मणी फुटलेत, हे चालणार नाही, कारण कळवा. नमस्कार नाही, चौकशी नाही. आमच्या सुपरवायझरला ते फार लागलं, तो दिवसभर जेवला नाही. पण त्याच खरेदीदाराशी सहा वाजता कॉल झाला तेव्हा तो हसून बोलत होता, फोटो मागत होता, पुढच्या मालाचं ठरवत होता. त्यानं मालात खोट काढली होती, माणसात काढली नव्हती. तिथं मालाबद्दलचं स्पष्ट बोलणं हाच समोरच्याचा आदर समजतात.

याची दुसरी बाजू तुम्हाला जास्त जपावी लागेल. आपण सांगलीकडचे बोलायला रोखठोक, पण मोठ्या माणसाला नाही म्हणायची वेळ आली की आपणही ‘बघू की’, ‘करूया की’ म्हणतो. समोरचा आपल्या गावचा असेल तर त्याला सूर कळतो. डच ग्राहक ते वहीत तारीख घालून लिहून ठेवतो आणि त्या तारखेला माल मागतो. त्यामुळं त्या कॉलवर तुमचा नकार सरळ शब्दांत जाऊ द्या. ‘२० तारखेला होणार नाही, २७ ला होईल, कारण कास्टिंग (ओतीव भाग) उशिरा आलंय.’ एवढं पुरतं. कुणी रागावत नाही.

आकड्यांचं वेगळं सांगते, कारण भांडणं इथं फार होतात. दक्षिणेत सोनं पवनात मोजतात, पवन म्हणजे ८ ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हल्लीचा सराफी तोळा १० ग्रॅमचा. म्हणून दुकानात आम्ही फक्त ग्रॅम बोलायचो. डच कागदावर १.५०० लिहिलं असेल तर ते दीड हजार असतं आणि दीड लिहायचं झालं तर ते १,५ असं स्वल्पविराम देऊन लिहितात. तुमच्या पंपांच्या ड्रॉइंगमध्ये हे जपा. तारखेऐवजी ते आठवड्याचा क्रमांक सांगतात, ‘बाराव्या आठवड्यात पोचवा’, तेव्हा त्या आठवड्याची पहिली आणि शेवटची, दोन्ही तारखा लिहून खात्री करा. त्यांचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागं साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. मार्चचा बदल आमच्या ऐन हंगामात येतो, त्यामुळं तो माझ्या टेबलावर लाल शाईनं लिहिलेला असतो.

आता तमिळ की इंग्रजी? इंग्रजी कामापुरती येते म्हणता, ती कॉलवर आपोआप सुधारेल, लहान वाक्यं बोला म्हणजे झालं. तमिळ मात्र निघायच्या आधीच सुरू करा, आणि सुरुवात अक्षरांपासून करा. स्वर १२, व्यंजनं १८. क आणि ग ला एकच अक्षर, त आणि द ला एकच, प आणि ब ला एकच, त्यामुळं आपल्याला वाटतं त्यापेक्षा लिपी पुष्कळ लवकर येते. मग १ ते १०० आकडे, आणि ‘जेवलात का?’ एवढं विचारता येणं. तिथंही आपल्यासारखंच भेटल्यावर हे विचारतात. कोइमतूरच्या गांधीपुरम स्टँडवर शहर बसच्या पाट्या वाचत उभे राहिलात की शेजारचा कुणीतरी उच्चार दुरुस्त करून देईल. त्याला थांबवू नका, पुढचा शब्दही विचारा.